दौंड-शिरूरला काम येत राहिलं, मालकी कधी येणार?

निवडणूक नगरपरिषदेची असो की लोकसभेची, दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या प्रत्येक पक्षाच्या सभेत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘तरुणांच्या हाताला काम देऊ.’ टाळ्या पडतात. आपल्या वस्तीतली पोरंही टाळ्या वाजवतात. आमचा आक्षेप नेमका या वाक्यालाच आहे. हाताला काम आपल्याला आधीही मिळालं आहे. छावणीनं दिलं, रेल्वेनं दिलं, साखर कारखान्यानं दिलं, आता एमआयडीसीतला ठेकेदार देतो आहे. प्रत्येक वेळी काम देणारा त्याच्या सोयीनं आला, त्याच्या सोयीनं उठून गेला आणि आपण वस्तीत होतो तिथेच राहिलो. म्हणून या दोन तालुक्यांच्या ‘कायापालटाची’ भाषा कुणी सुरू केली, की आम्ही एकच प्रश्न विचारणार. किती नोकऱ्या येणार हे नंतर सांगा, मालक कोण होणार ते आधी सांगा.

सुरुवात शिरूरपासून करू. शिरूर म्हणजे घोडनदी ही इंग्रजांची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टॉंटनची तुकडी निघाली ती याच शिरूरहून, आणि दुसऱ्या दिवशी भीमेच्या काठी कोरेगावला लढली. जयस्तंभावर ‘नाक’ लागलेली जी नावं आपण दर १ जानेवारीला वाचतो, ते शिपाई शिरूरच्या छावणीचा पगार घेत होते. शौर्याचा हा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्याच्या पुढचा आर्थिक इतिहास मात्र आपण फारसा सांगत नाही. १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या नोकरीच्या बळावर दोन-तीन पिढ्यांनी गावकीबाहेर पाय टाकला होता, ती एका आदेशानं गेली. गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज लिहिले, विनंत्या केल्या. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब जयस्तंभाला आले, तेव्हाही हा भरतीबंदीचा घाव ताजाच होता. ज्याच्या हातात फक्त नोकरी आहे, त्याचं सगळं दुसऱ्याच्या एका सहीवर टांगलेलं असतं, हे आपल्या लोकांना शिरूरनं फार आधी शिकवलं.

दौंडची गोष्ट रेल्वेची. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८५०च्या दशकाच्या अखेरीला दौंडवरून गेला, १८७८ साली मनमाडचा फाटा जोडला गेला आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन झालं. पुढे बारामतीची छोटी गाडीही इथूनच निघू लागली. वाफेच्या इंजिनांच्या काळात दौंड म्हणजे एक कारखानाच होता. इंजिनं धुणं, कोळसा भरणं, राख काढणं, बॉयलर, फिटर, गार्ड, ड्रायव्हर, पॉइंट्समन, गँगमन. पण या उतरंडीत कोण कुठे होता? त्याचं उत्तर दौंडहून निघालेला लोहमार्ग जिथे संपतो, त्या मनमाडला मिळतं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी सांगितलं ते याच परिषदेत. तेवढं आपण भाषणांत वापरतो. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली जी बारीक हकिगत मांडली, ती आज जास्त उपयोगाची आहे. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि अस्पृश्याला घरात कसं घेणार? वर्कशॉपमध्ये मेकॅनिकच्या, फोरमनच्या जागी तो दिसत नाही. मुंबईच्या गिरण्यांतही तेच होतं. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात मज्जाव.

याचा अर्थ नीट समजून घ्या. उद्योग आला म्हणून जात गेली नाही. जातीनं उद्योगात स्वतःसाठी खात्यांची वाटणी करून घेतली. स्वातंत्र्यानंतर आरक्षणानं ही वाटणी फोडली, आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीत आपल्या माणसांच्या घरी पहिल्यांदा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार आला. मुलं शिकली. आज जिल्ह्यात आपल्यातले जे शिक्षक, कारकून, इंजिनिअर दिसतात, त्यांतल्या कित्येकांच्या मागे रेल्वेतला बाप किंवा आजोबा आहे. आम्ही हे कमी लेखत नाही.

पण तीच रेल्वे आता दौंडला वळसा घालून जाते, आणि हे शब्दशः खरं आहे. पूर्वी मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला इंजिनाची दिशा बदलावी लागे, म्हणून गाडी थांबे, म्हणून माणसं लागत, म्हणून चहा-वडा विकला जाई. वाफ गेली, डिझेल आलं, मग वीज आली. प्रत्येक टप्प्यावर एका इंजिनामागे लागणारे हात कमी झाले. त्यानंतर कॉर्ड लाईन झाली आणि पुणे-मनमाड गाड्या मुख्य स्थानकात न येताच पुढे जाऊ लागल्या. प्रवाशाचा वेळ वाचला हे चांगलंच झालं, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती उरलेल्या कामाबद्दल. स्थानकाची सफाई, डब्यांची धुलाई, पार्सल, विश्रामगृह हे ठेक्यावर गेलं. ठेक्यात आरक्षण नाही. झाडू मारणारे हात आपलेच राहिले, फक्त त्या हातांचा रेल्वेशी संबंध तुटला.

दौंड हे काही ओसाड पडलेलं शहर नाही. २०११च्या जनगणनेत जवळपास ५० हजार लोकवस्तीची नगरपरिषद, राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, कुरकुंभची एमआयडीसी, चारी बाजूंना ऊस. पण ज्या उद्योगानं शहर जन्माला घातलं, तो उद्योग पूर्वीसारखी माणसं मागत नाही. आणि ज्या दुसऱ्या उद्योगानं तालुका उभा केला, त्या सहकारी साखर कारखानदारीची अवस्था सगळे पाहतातच. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद राहिला आणि २०२२ साली कर्नाटकातल्या निराणी समूहाकडे भाडेतत्त्वावर गेला. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याची चाकं २०२३-२४च्या हंगामात फिरलीच नाहीत. आसपासचे खासगी कारखाने मात्र ऊस गाळत राहिले. ऊस तोच, पाणी तेच, मग सहकारी तेवढे बंद का पडले? राजकीय हिशेब ज्याचे त्याला माहीत. आम्ही त्या वादात कुणाच्याही बाजूनं उभे नाही. आम्हाला त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचा आहे : तो सहकार आपला होता कधी?

सहकारी साखर कारखान्याचा उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो. ऊस लावायला पाण्याखालची जमीन लागते. जमीन जातीनं वाटलेली. म्हणजे ‘सहकारा’च्या दारावरचा पहिला दरवान जातच. खडकवासल्याचा कालवा दौंडला आला, चासकमानचा आणि घोड धरणाचा शिरूरला आला. सरकारी पैशानं आलेलं हे पाणी ज्यांच्या शेतात गेलं ते सभासद झाले, सभासदांतून संचालक झाले, संचालकांतून आमदार झाले. आपला माणूस त्याच कारखान्यात हंगामी कामगार होता, किंवा गाडीतळावर बीडहून आलेल्या कोयत्याच्या शेजारी होता. ज्यानं मोळी उचलली तो सभासद नाही, ज्यानं भट्टी पेटवली तोही नाही. स्पेनच्या बास्क प्रांतात मोंद्रागॉन नावाच्या गावात १९५६ साली कामगारांनी सहकारी कारखाना उभा केला. तिथे सभासदत्व श्रमावर मिळतं. जो काम करतो तो भागधारक, आणि वार्षिक सभेत एका माणसाला एक मत. त्याच्याही आधी, १९४३ साली, त्या गावात तंत्रशाळा निघाली होती. आपल्याकडे सहकाराचं कौतुक सांगणाऱ्यांनी हा फरक कधी सांगितला नाही.

आता एमआयडीसी. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि सणसवाडी, दौंडमध्ये कुरकुंभ. रांजणगावला एलजी, व्हर्लपूल, फियाट यांचे प्रकल्प आहेत, म्हणजे जगातली मोठी नावं अष्टविनायकाच्या रस्त्यावर येऊन बसली आहेत. पण फाटकावरचा तरुण त्या कंपनीचा नसतो, ठेकेदाराचा असतो. काही महिन्यांनी ब्रेक, मग नवा ठेकेदार, मग नवा गणवेश. ठेका कुणाला मिळतो हे या भागात शाळकरी पोरालाही माहीत आहे : ज्याची जमीन गेली त्याला, ज्याचा गावात दबदबा आहे त्याला, ज्याचा नेता वर आहे त्याला. माथाडी, भंगार, पाण्याचे टँकर, कामगारांच्या बस, कँटीन, गोदामांची भाडी ही खरी कमाई आहे आणि ती सगळी मालकीची कमाई आहे. कुरकुंभमध्ये तर प्रश्न आणखी वाईट आहे. रसायनांची एमआयडीसी, आगी आणि स्फोटांच्या बातम्या, विहिरींचं पाणी बिघडल्याच्या तक्रारी, आणि २०२४च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी तिथल्या एका कारखान्यातून पकडलेला मेफेड्रोनचा प्रचंड साठा. कारखाना आला म्हणजे कल्याण झालं, असं मानणाऱ्यांनी कुरकुंभ-पांढरेवाडीत एक पावसाळा काढावा.

इथे आमच्यावर एक आरोप होईल की तुम्ही उद्योगाच्या विरोधात आहात. मुळीच नाही. खेड्याकडे परत चला म्हणणारे आपले नव्हेत. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, तेव्हाच सांगितलं होतं की शेतीचं दुखणं शेतीत नाही. जमिनीवर निष्क्रिय बसलेल्या माणसांचा भार उद्योगानं उचलल्याशिवाय शेती सुधारणार नाही. पण तेच बाबासाहेब १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं घटना समितीपुढे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन ठेवतात आणि म्हणतात की मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे हवेत, विमा राज्याचा हवा, शेती राज्याचा उद्योग हवा, आणि जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन असे भेदच उरणार नाहीत. १९१८ ते १९४७ या प्रवासात उद्योगाचा आग्रह तसाच राहिला, त्याला मालकीचा प्रश्न जोडला गेला. आपण पहिलं अर्ध घेतलं आणि दुसरं सोडून दिलं.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, दलित उद्योजक घडवा, बाकी आपोआप होईल. डिक्कीची स्थापना २००५ साली पुण्यातच झाली. तिच्यामुळे काही माणसं उभी राहिली, याचा आम्हाला आनंद आहे. पण एका माणसाचा कारखाना उभा राहिला म्हणून दौंडमधल्या वस्तीचा प्रश्न सुटत नाही, त्या कारखान्यातही ठेकेदारच असतो. दुसरे मित्र म्हणतात, पुणं जवळ आहे, लोकल पकडा. पकडतातच. पहाटेच्या गाडीला दौंड, केडगाव, यवतहून चढणाऱ्या गर्दीत आपली पोरं किती असतात ते एकदा मोजून पाहा. पण दिवसाचे चार तास प्रवासात घालवून पुण्यात सिक्युरिटीची नोकरी करणं याला शहराचं पुनरुज्जीवन म्हणत नाहीत.

मग करायचं काय? आमच्या मते तीन गोष्टींवर हक्क सांगायचा. पहिली जमीन, आणि तीच सगळ्यात मोठी.

महार वतनाच्या जमिनी. महसुली भाषेत इनाम वर्ग ६ ब. १९५८च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द झाली आणि ठराविक रक्कम भरून त्या जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर परत मिळण्याची सोय झाली. ज्यांना कुणी सांगितलं नाही किंवा ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. काही परत मिळूनही दुसऱ्यांच्या वहिवाटीत राहिल्या. ज्या राहिल्या त्या भोगवटादार वर्ग २, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. ही अट आपल्या रक्षणासाठी होती. आज पुणे-सोलापूर आणि पुणे-नगर या दोन्ही महामार्गांलगत जमिनीला सोन्याचा भाव आहे, गोदामांना जागा हवी आहे, आणि वतनाच्या सातबारावर पन्नास-साठ वारसांची नावं आहेत. दलाल येतो, एकेका घरी थोडे पैसे टेकवतो आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतो. २०२५च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार गाजला, चौकशी लागली, तेव्हा हे तंत्र राज्यानं पाहिलं. मुंढव्याला जे घडतं, ते सणसवाडीला, शिक्रापूरला, पाटसला घडणार नाही, असं समजायचं कारण नाही.

आता त्याच मुंढव्याच्या शेजारी मगरपट्टा आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला विकली नाही. जमिनी एकत्र केल्या, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले आणि स्वतःच शहर बांधलं. आज भाडं त्यांच्याकडे येतं. जे मगरांना जमलं ते महार वतनदारांच्या वारसांना का जमू नये? त्यांच्याकडे सत्ता होती, सल्लागार होते, बँक होती, हे खरं. आपल्याकडे वर्ग २ची बेडी आहे, हेही खरं. म्हणून मागणी अशी हवी : वतन जमिनीची वैयक्तिक विक्री नको, कुलमुखत्यारपत्रावरचा व्यवहार तर नकोच. पण सगळ्या वारसांची सहकारी संस्था किंवा कंपनी झाली आणि तिनं जमीन ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्यानं गोदामाला, शीतगृहाला, सौर प्रकल्पाला दिली, तर जिल्हाधिकाऱ्यांनी ती परवानगी विनानजराणा द्यावी. मालकी वतनदारांचीच राहील, भाडं दरवर्षी वाटलं जाईल. सावधगिरीचं उदाहरणही शेजारच्याच खेड तालुक्यात आहे. सेझमध्ये जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना परताव्याच्या १५ टक्के जमिनीऐवजी कंपनीचे शेअर मिळाले आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. म्हणजे नुसता शेअरचा कागद पुरत नाही, संचालक मंडळात आपले लोक आणि हिशेब वाचता येणारे लोक लागतात.

ज्यांना वतनही नाही, त्या भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. पण जमीन खरेदीची मर्यादा जिरायतला एकरी ५ लाख आणि बागायतला ८ लाख. दौंड-शिरूरमध्ये या भावानं रस्त्यालगतचा तुकडासुद्धा मिळत नाही. म्हणजे पुणे जिल्ह्यात ही योजना कागदावरच राहणार, हे मर्यादा ठरवणाऱ्यालाही ठाऊक असणार. जमिनीसाठी तुरुंग भरणाऱ्या दादासाहेबांचं नाव द्यायचं आणि जमीन मिळणारच नाही असा दर ठेवायचा!

रेल्वेची जमीन हा वेगळा धोका. दौंडमध्ये रेल्वेच्या जुन्या वसाहती, शेड, मोकळ्या जागा आहेत. रेल्वेनं आपली जमीन व्यापारी वापराला भाड्यानं देण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणच काढलं आहे. उद्या त्या जागांवर मॉल येईल आणि त्यालाच विकास म्हटलं जाईल. गिरणगावात काय झालं ते आठवा. १९८२चा संप मोडला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मालकाला, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला. २००१ साली नियमात एक बदल झाला आणि तो वाटा फक्त रिकाम्या जमिनीला लागू झाला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. गिरणी कामगारांचे वारस आजही घरासाठी मोर्चे काढतात. नियमातली एक ओळ किती एकर खाते, हे तिथून शिकावं. दौंडच्या रेल्वे जमिनीचा आराखडा जाहीर होण्याआधीच आपली अट टेबलावर पाहिजे : तिथल्या गाळ्यांचा आणि घरांचा ठराविक वाटा रेल्वेच्या ठेका कामगारांना आणि त्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या झोपडपट्टीला.

दुसरी गोष्ट खरेदी. इंग्लंडमध्ये प्रेस्टन नावाचं जुनं कापड गिरण्यांचं शहर आहे. तिथे मोठ्या मॉलचा प्रकल्प २०११ साली फसला. मग नगर परिषदेनं बाहेरच्या गुंतवणूकदाराची वाट पाहणं सोडलं आणि गावातल्या मोठ्या संस्थांना, म्हणजे विद्यापीठ, पोलीस, परिषद यांना, सांगितलं की तुमची खरेदी जमेल तेवढी इथल्या लोकांकडून करा. दौंडकडे त्या नजरेनं पाहा. रेल्वे, राज्य राखीव दलाचे दोन गट, नगरपरिषद, रुग्णालय. वर्षभर धान्य, भाजी, शिवणकाम, धुलाई, दुरुस्ती, सफाई लागते. केंद्राच्या खात्यांना आणि उपक्रमांना आपल्या वस्तू-सेवांच्या खरेदीतला २५ टक्के हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे, आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून. २०१२ पासूनचा हा आदेश आहे आणि तो रेल्वेलाही लागू आहे. यासाठी उद्यम नोंदणी आणि जेम पोर्टलवर खातं लागतं. आपल्या वस्तीत पदवीधर पोरं आहेत, ज्यांना हे दोन्ही अर्ध्या दिवसात भरता येईल. राज्याच्या बांधकामांत कामांचा ठराविक वाटा मजूर सहकारी संस्थांना द्यायचा नियम आहे. या मजूर संस्थांच्या सभांना मोठ्या गाड्यांतून उतरणारे ‘मजूर’ आपण पाहिले आहेत. त्यांच्या सभासदांच्या याद्या माहितीच्या अधिकारात मागवणं हे सुद्धा आर्थिक आंदोलनच आहे.

हे ऐकून कुणीतरी म्हणेल, सहकारी संस्थांचं काय झालं ते ठाऊक आहे. मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थांची योजनाच घ्या. सभासदांचे ५ टक्के, सरकारचं भागभांडवल ३५ टक्के, सरकारचं कर्ज ३५ टक्के, बँकेचं २५ टक्के. कागदावर इतकी चांगली योजना देशात सापडणं अवघड. प्रत्यक्षात कित्येक संस्था फलकापुरत्या राहिल्या. काहींना प्रस्थापित पुढाऱ्यांनी आपल्या माणसांची नावं पुढे करून गिळलं. काहींना, सांगायला लाज वाटते, आपल्यातल्याच पुढाऱ्यांनी बुडवलं. म्हणून योजना सोडायची का? कार्यकर्त्यानं जाब विचारायची सवय लावायची. लेखापरीक्षण दरवर्षी वस्तीत वाचून दाखवायचं, चेकवर एकाची सही चालणार नाही, आणि संचालक मंडळात निम्म्या बायका.

बायकांचं नाव मुद्दाम घेतलं. दौंड तालुक्यातच केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. त्यांच्या धर्मकार्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळातून आणि विधवापणातून आलेल्या मुली तिथे छापखाना चालवत होत्या, माग चालवत होत्या, शेती पाहत होत्या. ज्या बाईला घरात जागा नव्हती तिनं खिळे जुळवून पुस्तकं छापली. आज आपल्या बचत गटातल्या बायकांना पापड-लोणच्यापलीकडे काही सुचवलं जात नाही. कंपन्यांच्या गणवेशांची शिलाई आणि धुलाई यांचा ठेका त्यांनी का घेऊ नये?

तिसरी गोष्ट कसब. याबद्दल थोडक्यात, कारण यावर आपल्यात मतभेद नाहीत. आयटीआय करा, पण ॲप्रेंटिसशिप पूर्ण करा. रेल्वेच्या लेव्हल १च्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेत ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी आहेत, आणि हे माहीत नसल्यानं फॉर्म न भरलेली पोरं दौंडमध्येच असतील. मनमाडच्या भाषणातला मेकॅनिक आणि फोरमन आठवा. आजचा फोरमन म्हणजे वीज, सिग्नल आणि ऑटोमेशन समजणारा माणूस.

पैसा कुठून येणार? अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा असतो. २०२५ साली तोच पैसा लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. कर्नाटकनं आणि तेव्हाच्या आंध्रनं २०१३ सालीच हा निधी बांधून ठेवणारा कायदा केला. महाराष्ट्रानं केलेला नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय इथे एकही भाषण पूर्ण होत नाही, तरी! हा कायदा झाल्याशिवाय वर लिहिलेल्या प्रत्येक योजनेचा पैसा कुठल्याही अर्थसंकल्पात कुठेही जाऊ शकतो. म्हणून ती राज्यभराची मागणी आहे आणि ती दौंड-शिरूरमधून उठायला हरकत नाही.

१ जानेवारीला लाखो लोक शिरूरच्या वेशीवर येतात. पुस्तकं, दिनदर्शिका, गाण्यांचे संच, निळे झेंडे यांची विक्री होते. एक दिवस का होईना, तिथे आपल्या माणसांचा बाजार भरतो. २०१८ला त्याच परिसरात घरं-दुकानं जाळली गेली, तेव्हा आपल्या लोकांची मालकी किती डोळ्यांत खुपते हेही दिसलं. त्या बाजाराच्या मुद्रणाचं, शिलाईचं, खाद्यपदार्थांचं काम या दोन तालुक्यांतल्या संस्थांनी वर्षभर आधी घ्यावं, ही एक लहान पण लगेच करता येणारी गोष्ट आहे.

आणि त्याच्याही आधी करायची ती अशी. प्रत्येक गावाच्या तलाठ्याकडे, आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव नमुना १-क आणि गाव नमुना ३ असतो. पहिल्यात वर्ग २च्या जमिनी, दुसऱ्यात इनामाच्या. दोन्हींच्या नक्कला, जुने फेरफार आणि १९५८नंतरच्या पुनर्प्रदानाचे आदेश मागायचे. शिरूर आणि दौंडच्या प्रत्येक गावासाठी दोन कार्यकर्ते, एक वही, आणि वारसांची यादी बनवताना मुंबईला, पिंपरीला गेलेल्यांचे फोन नंबर. एखादा तलाठी ‘नोंदवही जीर्ण झाली आहे’ म्हणेल. तेव्हा तसं लेखी मागायचं आणि तहसीलदाराकडे पहिलं अपील त्याच आठवड्यात टाकायचं.